पिवळ्या झाकणाचा डबा

चित्रलेखाबाईंचा निम्मा देह पिवळ्या झाकणाच्या डब्यात होता आणि उरलेला निम्मा सिडनीच्या हॅरिस पार्क उपनगरात, तेव्हा मागून आवाज आला.

“हाऽल्ट! स्टॉप!”

बाईंनी आधी हातातली बरणी छातीशी घट्ट धरली, मग डोकं बाहेर काढलं. समोर दुसऱ्या मजल्यावरच्या हेल्गाबाई उभ्या. दोन्ही हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे आणि चेहरा असा, की जणू देशाची सीमा ओलांडताना कुणीतरी सापडलंय.

इमारतीच्या मागे तीन रंगांच्या झाकणांचे डबे होते. लाल झाकण साध्या कचऱ्याला, हिरवं बागेतल्या पालापाचोळ्याला आणि पिवळं काच-कागद-प्लॅस्टिकला. कोणी नेमलेलं नसताना या डब्यांवर हेल्गाबाईंचं राज्य होतं. मूळच्या जर्मनीतल्या. तरुणपणी सिडनीला आल्या, शिवणकाम करून म्हाताऱ्या झाल्या, पण कचरा मात्र माहेरच्या पद्धतीनेच वेगळा करत राहिल्या. त्यांच्याबद्दल इमारतीत काय काय सांगत. सॉसच्या बाटलीत राहिलेला थेंब त्यांना गॅलरीतून दिसतो म्हणे. एका विद्यार्थ्याने चीजने माखलेलं पिझ्झाचं खोकं पिवळ्या डब्यात टाकलं, तर वरच्या चिठ्ठीवरून त्याचं दार शोधून यांनी ते खोकं त्याला साभार परत केलं. पोरगा त्याच महिन्यात वेंटवर्थव्हिलला राहायला गेला आणि अजूनही पिझ्झा आणायला घरून ताट घेऊन जातो. इतकंच काय, सिडनीतले ते तुरेवाले पांढरे पोपट, कॉकाटू, गावभर डब्यांची झाकणं उघडून कचरा उधळतात. पण या इमारतीत ते झाकण उघडत, आत डोकावत आणि पुन्हा नीट लावून जात.

“धिस गुड बरणी,” चित्रलेखाबाई म्हणाल्या. “नो क्रॅक. झाकण आल्सो फिट. व्हाय थ्रो?”

“नॉट थ्रो! रीसायकल! व्हॉट गोज इन, स्टेज इन!”

“अहो बाई, नेऊन फोडणार, वितळवणार आणि पुन्हा त्याची बरणीच करणार ना? मग ही आत्ता काय आहे? कढई?”

एवढ्यावर दोघींचंही इंग्रजी संपलं. पुढचं भांडण एकीने मराठीत केलं, दुसरीने जर्मनमध्ये, आणि एकमेकींचा शब्दन् शब्द दोघींना कळला. शेवटी चित्रलेखाबाई बरणी पदराखाली घेऊन जिना चढल्या. हेल्गाबाईंनी मात्र भांडताना मध्येच मोजा काढून फोनवर फोटो घेतला होता.

चित्रलेखाबाईंची सगळी नोकरी चिपळूणच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत गेली. हेडसर आले आणि गेले, चंचुपात्रं तीच राहिली. बाईंनी ती रोज घासली आणि उन्हात पालथी घातली. धड काच टाकलेली त्यांना बघवत नसे. मुलाकडे सिडनीला आल्या त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पिवळ्या डब्यात डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तेव्हापासून भल्या सकाळी खाली जायचं, चांगल्या बरण्या वेचायच्या, घासूनपुसून वाळवायच्या. मग त्यांत लिंबाचं लोणचं, लसणाची चटणी, मेतकूट. गुजराती, नेपाळी, लेबनीज अशा सगळ्या दारांत त्या बरण्या जात. खालच्या नेपाळी पोराने तर मेतकूट कॉफीत घालून पाहिलं आणि नंतर कॉफीच सोडली.

संध्याकाळी शंतनू ऑफिसमधून आला तो बूट न काढताच.

“आई, तू डब्यात उतरली होतीस?”

“उतरले नव्हते. वाकले होते.”

“हेल्गाने कमिटीला ईमेल केलाय. फोटोसकट.”

“कसा आलाय फोटो?”

“पाठमोरा,” मयूरा, त्यांची सून, हसू दाबत म्हणाली. “पण साडीचा रंग छान दिसतोय, आई.”

“मयूरा, प्लीज! हे सीरियस आहे. आई, आपण भाडेकरू आहोत. लीज संपत आलीय. मालकाकडे कम्प्लेंट गेली तर तो रिन्यू करणार नाही. शनिवारी मीटिंग आहे. तू यायचं आणि सॉरी म्हणायचं, बस.”

“कशाबद्दल?”

“कशाबद्दलही! इथे तसंच असतं. ट्रेनमध्ये आपला पाय चेंगरला तरी आपणच सॉरी म्हणतो.”

“मग तूच म्हण. तुला सवय आहे. मी चोरी केली नाही, काही सांडलंलवंडलं नाही.”

“आई, घर जाईल गं.”

बाई स्वयंपाकघरातल्या फळीवरची एक बरणी उतरवून पुसू लागल्या. घर मुलाचं, भाडं मुलाचं, पडदे सुनेच्या पसंतीचे. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. पण या घरात त्यांची स्वतःची म्हणावी अशी जागा एकच, बरण्यांची फळी. ती सोडायची की मुलाचं छप्पर धोक्यात घालायचं? आठवडाभर त्या खाली फिरकल्या नाहीत. मंगळवारी सकाळी बाटल्या ट्रकमध्ये रिचवल्या जातानाचा खळखळाट झाला तेव्हा मयूराने पाहिलं, सासूबाई पोळी लाटता लाटता थांबल्या होत्या.

शनिवारच्या ‘आर्व्हो’ला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, इमारतीमागच्या पार्किंगमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. कमिटीचा चेअरमन ब्रेट, चड्डी आणि चपला अशा सरकारी पोशाखात, डब्यांना टेकून बोलायला उभा राहिला. शंतनू आईच्या कानाशी लागून भाषांतर करत होता.

“म्हणतोय, दर आठवड्याला भांडण. कोण काय कुठे टाकतं, कोण काय बाहेर काढतं. कंटाळा आलाय. एक कॉन्ट्रॅक्टर मिळालाय. तीनही डबे बंद. एकच मोठा डबा, सगळं त्यात. नो ड्रामा, नो वरीज.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ब्रेट आणखी काहीतरी म्हणाला, आणि शंतनूचे खांदे वीतभर खाली आले.

“आई, सुटलो! डबाच जाणार म्हणून कम्प्लेंटही बंद. तुला सॉरीसुद्धा म्हणायला नको.”

चित्रलेखाबाई हेल्गाबाईंकडे बघत होत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून त्या रबरी मोजे एकावर एक ठेवून हळूहळू घडी घालत होत्या. बाईंना चिपळूण आठवलं. त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी प्रयोगशाळेच्या जागी संगणकाची खोली होणार होती. दोन गड्यांनी सगळी काच गोणत्यात भरली आणि गोणतं फरफटत जिन्यावरून खाली नेलं. प्रत्येक पायरीवर आवाज होत होता. हेडसर म्हणाले, बाई, आता कशाला त्रास करून घेता. आणि त्यांनी तेव्हा खरंच काही केलं नव्हतं. आपला डबा पिशवीत घालून त्या एसटी पकडायला गेल्या होत्या.

त्या उठल्या.

“वेट.”

“आई, खाली बस. आई!”

“हेल्गा करेक्ट,” बाई ब्रेटला म्हणाल्या. मग हेल्गाबाईंकडे वळल्या. “आय टेक. आय नो आस्क. सॉरी.”

शंतनूचा आ वासलेलाच राहिला. आठवडाभर विनवण्या करून जो शब्द निघाला नाही, तो गरज संपल्यावर निघाला होता.

“बट वन बिन, नो!” बाईंनी हात आडवा केला. इंग्रजी इथपर्यंतच पुरलं. “शंतनू, आता तू सांग. म्हणावं, सगळं एकत्र कोंबलं की कुणाला बघावं लागत नाही, म्हणून तुम्हाला बरं वाटतंय. ही बाई इतकी वर्षं मोजे घालून तुमचं खरकटं निवडतेय. पगार नाही, आभार नाहीत. आणि तिला तुम्ही ड्रामा म्हणता? लाजा नाही वाटत?”

“आई, हे सगळं सांगू? लीज अजून रिन्यू व्हायचीय.”

“सगळं. साखर न घालता.”

शंतनूने घसा खाकरला. पहिलं वाक्य चाचरत गेलं, दुसरं बरं गेलं, आणि ‘लाजा नाही वाटत’ला पोहोचेपर्यंत त्याचा आवाज असा काही लागला की मयूराने खुर्ची पुढे ओढली.

हेल्गाबाई उभ्या राहिल्या. “शी वॉशेस बेटर दॅन ऑल ऑफ यू,” त्या म्हणाल्या. जरा थांबून पुढे म्हणाल्या, “नॉट बेटर दॅन मी.”

हशा पिकला आणि ब्रेटच्या हातून सभा गेली. मतदान झालं. लेबनीज बेकरीवाल्याने दोन्ही हात वर केले. नेपाळी पोराने मेतकुटाला जागून एक केला. आणि कुंपणावर बसलेल्या कॉकाटूने, हे मयूरा आजही शपथेवर सांगते, एक पाय उचलला. ब्रेटने तो मोजला नाही, तरीही कॉन्ट्रॅक्टर हरला.

तक्रार हेल्गाबाईंनी स्वतः मागे घेतली, लीज वाढून मिळाली. पिवळ्या डब्याशेजारी एक फळी ठोकली गेली. धड बरणी आधी फळीवर, तिथून कुणी नेली नाही तरच डब्यात. मंगळवारी सकाळी दोघी तिथे उभ्या राहत. एक जर्मनमध्ये बडबडे, दुसरी मराठीत, आणि मध्ये कधी वाद झालाच तर तो इंग्रजीमुळे. लिंबाचं लोणचं पहिल्यांदा चाखलं तेव्हा हेल्गाबाईंच्या तोंडून निघालेला शब्द कुठल्याच भाषेतला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी त्या वाटी घेऊन दारात हजर.

मग पुढच्या थंडीत हेल्गाबाईंनी एकदा वर्तमानपत्रं हिरव्या डब्यात टाकली. चित्रलेखाबाईंनी काही न बोलता ती पिवळ्यात ठेवली. पुढे एकदा बटाट्याच्या सालींत हेल्गाबाईंच्या घराच्या किल्ल्या निघाल्या. बाईंनी त्या धुऊन, पुसून वर नेऊन दिल्या. इमारतीत कुणाला कळू दिलं नाही. पण एका सकाळी हेल्गाबाई डब्यांसमोर उभ्या राहून कुठलं झाकण उघडावं म्हणून रडू लागल्या, तेव्हा पर्थहून भाची आली आणि त्यांना केलीव्हिलच्या एका वृद्धाश्रमात घेऊन गेली.

रविवारी शंतनू आईला तिथे घेऊन गेला. हेल्गाबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी चित्रलेखाबाईंना ओळखलं नाही, पण शेजारच्या खुर्चीवरची उशी बाजूला केली. दोघींनी थोडं जर्मन आणि थोडं मराठी बोलून घेतलं. जेवण आलं. शेवटी हेल्गाबाईंनी छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यातलं दही चमच्याने खाल्लं. मदतनीस मुलगी ताट न्यायला आली आणि ब्रेडचा तुकडा, कागदी रुमाल, दह्याचा डबा, सगळं तिने एकाच काळ्या पिशवीकडे सरकवलं.

चित्रलेखाबाईंनी हेल्गाबाईंकडे पाहिलं. त्या बाहेरच्या झाडाकडे बघत होत्या. कपाळावर एकही आठी नव्हती.

“वन मिनिट,” बाई मुलीला म्हणाल्या आणि दह्याचा डबा उचलून घेतला.

“यू डोन्ट हॅव टू डू दॅट, लव.”

“आय नो.”

खोलीतल्या बेसिनपाशी जाऊन त्यांनी नळ सोडला. काठाच्या खाचेतून बोट फिरवलं, तळ विसळला, प्रकाशात धरून पाहिला, पुन्हा एकदा विसळला. मग डबा खिडकीत, हेल्गाबाईंना दिसेल असा, उन्हात पालथा घातला.