सतरावा प्रश्न

मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी पुढे कशावर संशोधन करायचं हे ठरवायला दादाला आणि मला रुग्णालयाच्या सभागृहात बोलावलं होतं. निम्मे डॉक्टर, निम्मे आमच्यासारखे. भिंतीवर तीस प्रश्नांचे कागद आणि प्रत्येकाला तीन लाल टिकल्या. जास्त टिकल्यांचे पहिले दहा प्रश्न घेणार, बाकीचे बासनात.

सतरावा प्रश्न माझा होता. जखमा होऊ न देता रात्री कूस बदलण्याच्या वेळा कमी करता येतील का? दादा वायरमन होता. खांबावरून पडला त्याला अकरा वर्षं झाली, मानेखाली काही हलत नाही. दर दोन तासांनी गजर वाजतो, मी उठते, त्याला वळवते. सलग झोप कशी असते ते मी विसरलेय. पण रोज मरे त्याला कोण रडे!

सतरावर मी एकच टिकली लावली, तीही चोरासारखी. उरलेल्या दोन लघवीच्या त्रासावर. दादाच्या तिन्ही 'पुन्हा चालता येईल का' यावर चिकटवून टाकल्या. त्यात विचारायचं काय? त्याची तहानसुद्धा मला आधी कळते.

मोजणीत सतरावा प्रश्न दोन टिकल्यांनी हुकला. यादी वाचून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी कुणाची हरकत आहे का विचारलं.

"माझी आहे," दादा म्हणाला. "माझ्या टिकल्या मला न विचारता लावल्यात. तिन्ही सतरावर हव्यात."

हात दाखवून अवलक्षण कशाला, मी त्याच्या कानाशी पुटपुटले. चालायचं नाही का तुला?

"ते शोधायला बरेच आहेत. तू अजून किती दिवस टिकशील, चिमणे? गजर वाजला की मीही जागा होतो. डोळे मिटून पडतो, तुला बरं वाटावं म्हणून."

सगळ्यांदेखत मी टिकल्या सोलल्या. एक फाटली, बाईंनी नवी दिली. सतरावा प्रश्न दहावा आला. मला रडू फुटलं.

संशोधन होईल तेव्हा होईल, आजचा गजर काही चुकत नाही. गाडीत त्याचा पट्टा बांधताना मी विचारलं, "दादा, आज आधी कुठल्या कुशीवर?"

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं.

"डाव्या," म्हणाला. "खिडकी दिसते."

अकरा वर्षं मी रोज उजवीकडून सुरुवात करत आले होते. तिकडे भिंत आहे.