बाद झालेला सत्तेचाळीस

मी सत्तेचाळीस नंबर बोलतोय. नाव काही नाही, मातीत खोचलेल्या पांढऱ्या पट्टीवर एवढंच लिहिलंय. जंगलातल्या एका थोरल्या वृक्षाचा मी वंशज, पण माझी उंची कृपा करून विचारू नका. विचारलीतच, तर सांगतो. वय दीड वर्ष, आणि अजून एक वीतही पुरती भरत नाही.

आई ओढ्याकाठच्या दाट जंगलात उभी आहे. इतकी उंच, की मी तिचा फक्त घोटाच पाहिला. तिच्या पायाशी बी होऊन पडलो होतो, रुजायच्या आत एका ताईने उचलून पिशवीत टाकलं आणि रोपवाटिकेत आणलं. ही ताई झाडांवर संशोधन करते. तिला एकच प्रश्न पडला होता: जंगलात खाली ऊन पोचत नाही, जमिनीत महिनोन्‌महिने पाणी तुंबतं, मग तिथली पोरं जगतात तरी कशी?

उत्तर शोधायला तिने आम्हा साठ रोपांच्या चार रांगा केल्या. काहींना उजेड आणि निचऱ्याची माती, काहींना उजेड आणि तुंबलेलं पाणी, काहींना नुसती सावली. माझ्या रांगेला दोन्ही संकटं एकदम. डोक्यावर दुहेरी हिरवी जाळी, आणि कुंडी पाण्याने भरलेल्या टबात. त्यात माझी जागा दाराजवळ, सगळ्यांत पुढे. ती मला मान देऊन दिली असणार, असं मी बरेच दिवस समजत होतो.

पहिल्या आठवड्यात माझी जी काही फजिती झाली, ती सांगायला लाज वाटते. मुळांनाही श्वास लागतो. माती पाण्याने भरली की तिच्यातली हवा संपते, मुळं गुदमरतात आणि पाणी ओढणंच सोडून देतात. म्हणजे मी गळ्यापर्यंत पाण्यात उभा, आणि पानं मात्र तहानेने मान टाकलेली. शेजारचा सेहेचाळीस शांत होता. मी उगाच एक पान पिवळं करून गाळलं, तेवढंच कुणाचं लक्ष जाईल म्हणून.

मग हळूहळू जमलं. पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतली, पाण्याचा खर्च कमी केला. इथे सावली उपयोगी पडली. उजेडातल्या रांगेची पानं ऊन बघून कामाला लागायची, पाणी मागायची, आणि खालून पुरवठा बंद. त्यातली बरीच गेली. माझ्याकडे मुळात कामच कमी, त्यामुळे मी टिकलो. आयुष्यात पहिल्यांदा आळशीपणा कुणाच्या उपयोगी पडला होता.

पुढे तर मी कमालच केली, निदान मला तसं वाटलं. खोड बुडाशी फुगवलं, त्यावर पांढरे फोड आणले आणि पाण्याच्या अगदी वर नवीन मुळं काढली, आतून पोकळ, म्हणजे वरची हवा खाली पोचेल. ताईने ती पाहिली आणि टबासमोर उकिडवीच बसली.

"काका, हे बघा! सत्तेचाळीसने काय केलंय!"

त्या दिवसापासून मी जमिनीवर नव्हतो. म्हणजे होतो, पण मनाने नव्हतो. ताईच्या तक्त्यात पहिला नंबर माझाच येणार, असं ठरवूनही टाकलं. सेहेचाळीसनेही तशीच मुळं काढली होती, माझ्याहून दोन जास्त. ती मी मोजली नाहीत.

काका म्हणजे रोपवाटिकेचे माळी. तीस वर्षं कुंड्या सांभाळलेल्या. कुंडीबाहेर आलेलं मूळ आणि खोडावरचा फोड म्हणजे रोग, एवढं त्यांच्या हातांना पाठ. ताईचे सर पाहणीला येणार म्हणून त्यांनी सकाळीच झाडलोट केली आणि खिशातून कात्री काढली. दाराजवळ पहिला कोण? मीच. कच् कच् कच्. माझी सगळी नवी मुळं टबात तरंगू लागली.

ते सेहेचाळीसकडे वळले, तेवढ्यात ताई आली.

"काका! थांबा! काय केलंत हे?"

"घाण दिसत होती हो ताई. सर येणार म्हणून जरा नीट करत होतो."

"त्याच मुळांवर जगत होता तो! तीच तर मोजायची होती!"

ताई पालथ्या बादलीवर बसली आणि वहीत माझ्या नंबरावर रेघ मारली.

"मेला का हो?" काकांनी कात्री खिशात घातली.

"मेला नाही. पण बाद झाला."

मेलो असतो तर बरं, असं मला वाटलं. काका त्यानंतर रोज येऊन माझ्यापाशी थांबायचे. कात्री मात्र घरी ठेवून यायचे. पंधरा दिवस मी रुसून बसलो, मग मुकाट्याने पुन्हा मुळं काढली. इरेला पेटून पहिल्यापेक्षा जास्त काढली. म्हटलं, आता तरी घेतील.

ताईने कौतुकाने बोट फिरवलं. "शाब्बास रे. पण एकदा छाटलेला तू, तुझी बरोबरी इतरांशी कशी करू?"

मोजणीचा दिवस उजाडला. मी ताठ उभा राहिलो, निदान बघायला तरी मिळेल म्हणून. ताईने जगलेल्यांना एकेक करून उपटलं. मुळं धुतली, पानं वेगळी केली, कागदी पाकिटांत भरून ओव्हनमध्ये ठेवली. वाळवायची आणि वजन करायचं. पहिला नंबर म्हणजे हे होतं. मी ज्याच्यासाठी इतके महिने नाक वर करून उभा होतो, ते हे.

सेहेचाळीसला उपटताना त्याची मुळं माझ्या कुंडीला घासून गेली. त्याची दोन मुळं जास्त होती, हे तेव्हा मी मान्य केलं. ते त्याला आधी सांगायला हवं होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

"याचं काय करू?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"आता काही उपयोग नाही त्याचा. तुम्हाला हवा तर न्या."

काकांनी मला रोपवाटिकेच्या मागे, गळक्या नळाखाली लावलं. तिथे भिंतीची सावली आहे आणि चिखल कधी वाळत नाही. वर्षानुवर्षं ती जागा कुणाला नको होती. मला ती आईच्या घोट्याजवळची वाटते.

ताईचा प्रबंध पूर्ण झाला. सेहेचाळीस त्यात तक्त्यात आहे. मी तळटिपेत आहे: "एक रोप बाद."

काका संध्याकाळी येतात, पाणी साचलंय ना ते बघतात. माझी मुळं पाहून त्यांची बोटं अजून सवयीने खिशाकडे जातात. एवढीच विनंती आहे काका, कात्री घरीच असू द्या. आणि नळ दुरुस्त करायला कुणी आलं, तर त्याला सांगा, इथे एक जण राहतो.