बाहुल्यांचा डबा

माझी जीभ जरा तिखट आहे, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या सहा जानेवारीला जीभ राहिली बाजूला, बोटांनीच घात केला.

नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला आमच्या ओल्मेदो बेकरीतून तीनशे रोस्का गेल्या. गोल, गोड पाव आणि त्याच्या पोटात लपवलेली चिमुकली बाहुली. ज्याच्या तुकड्यात बाहुली निघेल, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, खाऊ घालायचे. रोस्का भाजून झाल्या की खालून बाहुल्या खुपसायचं काम माझं. बेकरीच्या फेसबुकवर लिहायचं कामही माझंच.

संध्याकाळी फोन सुरू झाले. "रेमेदिओस, अगं आमच्या रोस्कात बाहुलीच नाही!" एक झाला, दोन झाले, दहा झाले. दिवसभर उभी राहून माझ्या पायांचे तुकडे पडले होते. डोकंच फिरलं. लिहून टाकलं, "आमच्या प्रत्येक रोस्कात बाहुली असते. तमाल्यांचा खर्च टाळायला घरातल्याच कोणीतरी ती लपवली असेल. आधी तिथे चौकशी करा."

झालं! घरोघरी दीर-मेहुण्यांवर आळ आले. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका डोन्या चोना यांनी तर पाहुण्यांदेखत मेहुण्याचे खिसे तपासले. सकाळी मी सारवासारव केली, "कोणाला वाईट वाटलं असेल तर क्षमस्व." त्याखाली डोन्या चोनांचं उत्तर आलं, "असेल कशाला, वाटलंच आहे. चाळीस वर्षं तुमचा पाव खाल्ला, आणि आता आम्ही लबाड?"

त्या दिवशी पावाच्या टोपल्या भरलेल्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशीही. माझे सासरे फिदेन्सिओ दाराशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसले. त्यांनी हयात घालवून कमावलेलं नाव मी दोन ओळींत मातीत घातलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी पिठाच्या पोत्यामागे डबा सापडला. बाहुल्यांनी काठोकाठ भरलेला. बेकरीच्या फेसबुक पानासाठी रोस्कांचे फोटो काढत बसले होते, आणि बाहुल्या घालायच्याच राहिल्या होत्या! क्षणभर वाटलं, डबा चुलीत टाकावा. कोणाला कळणार होतं? पण दारातली मामंजींची पाठ दिसली आणि मी तो त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला.

"मामंजी, चूक माझी होती. सगळ्या आपल्याकडेच राहिल्या."

त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि ते खो खो हसायला लागले. "मग रडतेस काय, पोरी? बाहुली ज्याच्याकडे निघाली, त्याने काय करायचं?"

"तमाले," मी नाक पुसत म्हटलं.

"लाग कामाला. आणि या वेळी लिहिताना 'जर-तर' नको."

मी लिहिलं, "बाहुल्या घालायला मी, रेमेदिओस, विसरले. वर तुमच्यावरच आळ घेतला. माझं चुकलं. सगळ्या बाहुल्या आमच्याकडे निघाल्या आहेत, म्हणून दोन फेब्रुवारीला सगळ्या गावाने तमाले खायला या."

त्याआधीचे तीन दिवस मक्याची पानं भिजवून हात सुरकुतले. दोन तारखेला रांग पार चर्चपर्यंत गेली. टोमणे तर विचारूच नका! "रेमेदिओस, मोजून दे गं, नाहीतर आम्हीच लपवले म्हणशील!" मीही हसत होते. पातेल्यांवर पातेली रिकामी होत होती आणि मामंजी प्रत्येकाला हाताने वाढत होते. फार दिवसांनी मला पोटभर बरं वाटलं.

डोन्या चोना मेहुण्याला बरोबर घेऊन आल्या. तीन तमाले खाल्ले, तोंड पुसलं, मला बाजूला ओढलं.

"तू लिहिलंस ना, कोणीतरी लपवली असेल म्हणून?"

"डोन्या चोना, पुन्हा माफी मागते..."

"गप्प बस. याआधी सलग चार वर्षं मी बाहुली रुमालात लपवली होती." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "म्हणून तर तुझी ती ओळ एवढी झोंबली मला. उद्या सकाळी माझे नेहमीचे सहा पाव काढून ठेव."