मातीची अट

आप्पांनी हात वर केला तशा सुचिता वकील मृत्युपत्र वाचता वाचता थांबल्या.

"तेवढा परत वाच."

सुचिता मॅडमनी चष्मा सावरला. "'माझ्या पश्चात घराशेजारचा प्लॉट मुलींच्या कबड्डी संघाला द्यावा. मैदान कायम मातीचेच राहील. त्यावर दुसरे काहीही अंथरले जाणार नाही.'"

"आयकलंस ना, कॅप्टन?"

ईश्वरी दारातच उभी होती. आप्पांचा निरोप आला आणि ती सराव अर्धवट टाकून धावत वर आली होती. गुडघ्यांना लाल माती तशीच. तिचे आईवडील आप्पांच्याच एका खोलीत भाड्याने राहायचे. जन्म घणसोलीतला, पण गावाच्या लेखी ती अजून सातारचीच. आप्पांच्या लेखी मात्र कॅप्टन.

नवी मुंबईसाठी शेती गेल्यावर मोबदल्यात मिळालेला तो प्लॉट. शेजारपाजारचे सगळे प्लॉट टॉवर होऊन वर गेले, हा एकटा खाली उरला, कारण आप्पा. तरुणपणी त्यांची चढाई बघायला पार उरणहून माणसं यायची, असं आप्पाच सांगायचे. आता कूस बदलायलाही त्यांना माणूस लागत होता. पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. खिडकीशी त्यांचा मुलगा कुंदन मोबाइलवर अंगठा फिरवत उभा होता.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिच्या पोरी पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या. चाचणी मॅटवर होती आणि मॅट त्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिली. पाय अडकले, मोनालीचा घोटा मुरगळला, समोरच्या पोरी तोंडावर हसल्या. आता ती अटच कागदावर आली, तर दर वर्षी तेच.

"आप्पा, एक बोलू? रागवायचं नाही हां."

"बोल."

"मातीवर आता गावातच खेळतात. सिलेक्शन, स्टेट, सगळं मॅटवर. ती अंथरायचीच नाही असं लिहिलंत, तर आम्ही कायम इथल्या इथेच."

"मॅट मंजे? सतरंजी?"

"सतरंजी नाही ओ!" तिला हसू फुटलं. "रबरासारखी असते. तुकडे तुकडे, एकात एक बसवायचे."

"पडला तर लागत नाय?"

"काहीच लागत नाही!"

आप्पांनी डोळे मिटले. सोललेल्या कोपराचा जुना वण ते बोटाने चाचपत राहिले. ते ऐकतायत, पटतंय त्यांना, असं वाटून ईश्वरीला जोर चढला.

"आणि कुठेही अंथरता येते, आप्पा! शाळेच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर. चिखलाचं टेन्शनच नाही. खेळून झालं की काढायची, टेम्पोत टाकायची!"

कुंदनचा अंगठा थांबला. आल्यापासून पहिल्यांदा त्याने तिच्याकडे पाहिलं.

"कुठं पन?" आप्पांनी विचारलं.

"कुठे पण!"

आप्पांनी वणावरचं बोट काढलं.

"मंग मी कोनासाठी धरून ठेवलाय?" आप्पा हळूच म्हणाले. "मना वाटला, ही जागा गेली तर पोरी खेलतील कुठं." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "वकीलबाई, ता काड."

"मातीची अट ना?"

"प्लॉटच काड. कुंदनचे नावाव टाक."

"आप्पा, नाही!" ईश्वरी पलंगापाशी आली. "जागा पाहिजेच. मॅट टाकणार कुठे आम्ही?"

"तूच बोललीस ना. हॉलात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "कुंदन, पोरींना मॅट घेऊन दे. चांगली."

"देतो ना, आप्पा."

"ते लिहू का?" सुचिता मॅडमनी विचारलं.

"घरातली गोष्ट आहे, मॅडम. लिहायला कशाला पाहिजे?"

मॅडमनी आप्पांकडे पाहिलं. ते दमून पडले होते. मॅडमनी दोन ओळींवर रेघ ओढली आणि पान उलटलं.

ईश्वरी बाहेर पडताना कुंदनने तिच्या डोक्यावर टपली मारली. "भारी बोलतेस गं. वकील हो तू."

खाली पोरी खडे वेचत होत्या. तिला पाहताच मोनाली धावत आली.

"काय बोलले? सांग ना लवकर!"

ईश्वरीने गुडघ्यावरची माती खरवडली. "मॅट देणारेत."

पोरींनी असा काही कल्ला केला की शेजारच्या टॉवरमधून दोन-तीन डोकी बाहेर आली. मोनालीने दोन्ही मुठींनी माती उधळली. त्या गोंधळातही वरच्या गॅलरीतला आवाज ईश्वरीला स्पष्ट ऐकू आला. कुंदन कठड्याला टेकून फोनवर बोलत होता. "हो शेठ, प्लॉटच्या तीनही बाजूंना रस्ता आहे. उद्याच या ना बघायला."

तिने वर पाहिलं नाही.

"चला, टीम पाडा," ती म्हणाली. "अजून उजेड आहे."