बाहेर जाऊ द्यायचं का?

भुकूमच्या त्या घरात फायरवॉल बसली आणि सायलीच्या डोक्याचा ताप दुप्पट झाला.

पुढच्या खोलीत तिचं ब्युटी पार्लर. कॉम्प्युटरही तिथंच, आणि त्यात गावोगावच्या नवऱ्या मुलींचे फोटो, मेकअपच्या आधीचे, डाग-पुटकुळ्यांसकट. "फोटो या खोलीबाहेर जाणार न्हाईत," या तिच्या शब्दावर पोरी तोंड धुऊन समोर बसायच्या. एक जरी फोटो बाहेर गेला असता, तर पार्लरला कुलूपच.

म्हणून तिनं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला, आयटीतल्या पियूषला, गळ घातली. त्यानं फायरवॉल लावली आणि तिच्या सासऱ्यांना, गेणबांना, समजावून सांगितली. कारण सायली नवरी सजवायला गेली, की बैलगाडा शर्यती बघायला कॉम्प्युटरपुढे तेच बसत.

"आबा, हा फाटकावरचा राखणदार समजा. अनोळखी कुणी आत येऊ लागलं, की विचारेल. आतलं कुणी बाहेर निघालं, तरी विचारेल, बाहेर जाऊ द्यायचं का? खात्री नसेल तर 'नाही' दाबायचं."

"कळलं की."

कळलंय कुठलं! आत येणाऱ्या प्रत्येकाला आबा 'हो' म्हणत आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला 'नाही'. सायलीच्या मेल निघेनात, अपडेट अडकले, बुकिंगवाल्या बायका फोन करून बोलू लागल्या. रोज संध्याकाळी ती एकेकाला मोकळं करत बसायची.

"आबा, येईल त्याला घरात घेताय आन् निघाल्याला आडवून धरताय! उलटं करा की जरा!"

"बरं बरं," आबा म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी ती पिरंगुटहून परतली, तर आबा पडद्याकडे बघत चरफडत होते. "व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली व्हती. उघडली, तर आत कायबी न्हाई."

"कुणाची पत्रिका?"

"काय म्हाईत? नंबर वळखीचा न्हवता."

"मग उघडली कशाला?"

"भावकीतली आसली म्हंजे? पत्रिका न उघडता ठिवली तर माणसं रुसत्यात."

सायलीनं कपाळावर हात मारून घेतला. तिला ओरडायचं होतं, पण आधी तिनं वर पियूषला हाक मारली. पियूष धावत खाली आला, आधी त्यानं नेट तोडलं, मग बराच वेळ खुडबूड करत बसला.

"पत्रिका नाहीच ही. फाइली चोरून बाहेर पाठवणारा प्रोग्राम आहे. आबांनी उघडला, म्हणजे हात धरून आतच आणला."

सायली गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसली. "गेले फोटो?"

"नाही. बाहेर जायला तो सारखा विचारत होता, आणि दरवेळी 'नाही' दाबलंय. एकही फोटो गेलेला नाही."

दोघांनी गेणबांकडे पाहिलं. सायलीचे डोळे भरून आले. "आबा, त्यो चोर हाय त्ये तुमाला कळलं कसं?"

"चोर?" गेणबा चमकले. "मला वाटलं, पत्रिका घिऊन आलेला माणूस. आला न्हाई तोवर लागला 'जाऊ का, जाऊ का' करायला. बिनचहाचा जाऊ द्यायचा व्हय?"

सायलीला हसावं की रडावं कळेना. गेणबांनी खुर्ची पुढं ओढली.

"ते ऱ्हाऊ दे. लगीन कुणाचं हाय, तेवढं बघ. आपल्याला जायला लागंल."