बंद पंपावरचा रविवार

"तुझे बाबा त्या बंद पंपावर दिवसभर करतात तरी काय गो?"

प्रश्न वर्गमैत्रीण सायलीचा. पण तो क्षमाने आपल्या बाबांनाच विचारायचा, अशी पैज. शाळेतून परतताना गोव्याच्या कदंबाची बस पंपावरून गेली की सायली आणि सर्वेश एकमेकांना कोपर मारायचे. "बघ बघ, उठले! गाडी नाही, घोडा नाही, तरी सलाम!" आणि मग क्षमाकडे वळून, "विचार ना त्यांना. आहे हिंमत?"

क्षमाला हिंमतीचं विचारायचं? नववीपर्यंत उत्तर येत असूनही मान खाली घालून बसणारी ही मुलगी दहावीत जी बोलायला लागली ती लागलीच. गॅदरिंगचं सूत्रसंचालन तिचं, खो-खोची कॅप्टन ती, आणि बसच्या मागच्या बाकावरची खिडकीसुद्धा तिचीच.

"विचारते की! त्यात काय मोठंसं?"

म्हणून रविवारी आईच्या हातून डबा घेऊन ती स्वतःच पंपावर निघाली.

पत्रादेवीच्या अलीकडे, हमरस्त्याच्या दोन बाजूंना दोन कंपन्यांचे दोन पंप अगदी समोरासमोर होते. अलीकडचा बाबांचा, म्हणजे बाबा तिथले मॅनेजर. पलीकडच्याचे मॅनेजर मूळ बांद्याचे भिकाजीकाका. त्यांनी लिटरमागे पन्नास पैसे उतरवले की संध्याकाळपर्यंत बाबांच्या फलकावर रुपया उतरलेला असायचा. सावंतवाडीकडच्या गाड्या राज्याची हद्द ओलांडून टाकी भरायला यायच्या. मग कुठल्याशा मोठ्या शहरात त्या दोन कंपन्यांची एक कंपनी झाली. एकाच मालकाची दोन दुकानं समोरासमोर कशाला, म्हणून बाबांचा पंप बंद. सवलतही बंद. आता रस्त्यावर एकच फलक उरला होता आणि त्यावरचा आकडा कुणाला घाबरत नव्हता.

जमिनीखालच्या टाक्या उपसून काढेपर्यंत जागेवर कुणीतरी हवं, म्हणून बाबांना तिथं ठेवलं होतं. घरी मात्र ते म्हणायचे, "ड्युटी तीच आहे, फक्त धावपळ कमी."

डबा उघडता उघडता क्षमाने विचारून टाकलं. "बाबा, तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

बाबा हसले. "राखण."

"कशाची?"

तेवढ्यात एक गाडी आत वळली. हातातला घास तसाच ठेवून बाबा उठले, टोपी चढवली आणि समोरच्या पंपाकडे हात केला. काचसुद्धा खाली न घेता गाडी निघून गेली. मग स्कूटरवर कॅन बांधलेला मांद्र्याचा एक होडीवाला थांबला. ह्याने मात्र इंजिन बंद केलं.

"शिवदासबाब, तुम्ही दोघं भांडत होता तेव्हाच आमचं बरं होतं! आता समुद्रात जायचं की घरी बसायचं, ते आधी तो फलक बघून ठरवतो."

"मग मासळी महाग लाव."

"लावली! बायको म्हणते, गिऱ्हाईक आता घरी येऊन शिव्या देतं."

दोघे खळखळून हसले. स्कूटर समोर गेली, कॅन भरून निघूनही गेली. बाबा तिथंच उभे होते. मग त्यांनी खिशातलं फडकं काढून मशीनची काच पुसली. आकडे कधीचे विझले होते, तरी चारही कोपरे पुसले.

"रोज पुसता?"

"हाताची सवय गो. आणि तोंडाची पण. पूर्वी मॅनेजर असूनही दिवसाला हजार वेळा 'झिरो बघा' म्हणायचो, वैताग यायचा." ते पुन्हा डब्यापाशी बसले. "आज हा होडीवाला बोलला म्हणून. नाहीतर सकाळपासून बोलणारी तूच."

वर्गात कुठल्याही बाईंना उलट प्रश्न विचारणाऱ्या क्षमाने डबा नुसताच त्यांच्यापुढे सरकवला. इतक्यात रस्ता ओलांडून भिकाजीकाका आले.

"काय रे शिवदासा, आज चेडू पण ड्युटीर?" क्षमाकडे बघून ते हसले. मग आवाज न उतरवताच, "कंपनीचो परत फोन इलो. वाळपयच्या पंपार मॅनेजर होयो हा. उद्यापर्यंत सांग म्हणतत. हय टाक्यो काढल्यो की तुझी ही खुर्ची पण उचलतले, समाजलं मां?"

"सांगितलंय मी नाही म्हणून."

"ह्या चेडवासाठीच मां?"

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. "आत्ता कुठं उघडलीय रे ती. नव्या शाळेत नेली की परत मिटून बसेल."

आपण तिथं नसल्यासारखं आपल्याबद्दलच चाललेलं ते बोलणं क्षमाने खाली मान घालून ऐकलं. कितीतरी महिन्यांनी तिची मान अशी खाली गेली होती.

घरी पोचते तोवर ग्रुपवर सायलीचा मेसेज येऊन पडला होता. 'विचारलंस???' तिने मोठं काहीतरी लिहिलं, पुसलं, आणि 'हो. राखण करतात' एवढंच पाठवलं. लगेच सर्वेशची हसणारी तोंडं आली, एकापाठोपाठ एक. खिडकी तिची होती, बाक तिचा होता, पण त्या बाकावर कुणाला काय सांगायचं? फोन तिने उशीखाली सरकवला. दूरच्या वाळपईत ती एकाही माणसाला ओळखत नव्हती. पुन्हा पहिला दिवस, पुन्हा 'नाव काय तुझं', पुन्हा खाली मान. तरी डोळ्यांपुढे येत होता तो फडकं घेऊन उभा असलेला माणूस.

जेवताना बाबा आईला सांगत होते, "आज बरीच वर्दळ होती."

"हो का?" आई ताट वाढत म्हणाली. पंप ओस असतो ते तिलाही ठाऊक होतं, हे क्षमाला तिच्या स्वरावरून कळलं.

"एक गाडी आणि एक स्कूटर," क्षमा म्हणाली. "मी तिथंच होते."

बाबांचा हात थांबला.

"बाबा, उद्या वाळपईला हो म्हणून कळवा. परीक्षा होईपर्यंत मी आणि आई इथं राहू, तुम्ही पुढे जा."

"आणि तुझ्या मैत्रिणी? खो-खो?" आईने विचारलं. "तिथं तुझं कोण आहे गो?"

"कोणी नाही. मला भीती वाटतेय, खूप वाटतेय. पण बाबांनी माझ्यासाठी त्या खुर्चीत बसलेलं मला चालणार नाही. अकरावी मी वाळपईला करणार."