कानिफनाथचा बोर्ड

निकिता आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि नागापूरचे पत्रे तापायला लागले होते. सायकलच्या कॅरिअरला एक मोठं खोकं बांधलेलं, हँडलला दोन पिशव्या. तिनं सगळं माझ्या ओट्यावर उतरवलं आणि म्हणाली, "सर, मला पप्पांचा कॉम्प्युटर जोडायचाय. पण हात मी लावणार. तुम्ही नुसतं सांगायचं."

"आणि चुकलीस तर?"

"तर ओरडायचं."

"ते मला चौतीस वर्षं शिकवूनही जमलं नाही. चहा घेतेस?"

तिचे वडील, कानिफनाथ, माझा विद्यार्थी. शाळेत विज्ञानाच्या तासाला पुढं बसायचा. नंतर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रावर लागला. मुलीसाठी त्यानं कॉम्प्युटरचे भाग एकेक करून जमवले होते. कॅबिनेट, पॉवर सप्लाय, रॅम, प्रोसेसर आणि शेवटी, गेल्या दसऱ्याच्या तोंडावर, मदरबोर्ड. बापलेकीनं मिळून जोडायचा असं ठरलं होतं. पण दसऱ्याचं काम दिवाळीवर गेलं, दिवाळीचं नाताळच्या सुट्टीवर, आणि मग तो म्हणाला, दहावी होऊ दे. फेब्रुवारीत कामावरच त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. निकितानं दहावीचे पेपर त्यानंतर तीन आठवड्यांनी दिले.

"पप्पांना माझ्यासाठी वेळच नव्हता," ती खोक्याची दोरी सोडता सोडता म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हतं. "आता मी एकटीनं करून दाखवणार."

कुणाला दाखवणार, हे मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी मी तिला स्क्रू ड्रायव्हर दिलाच नाही. ती तोंड फुगवून बसली. मी विचारलं, "प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावल्यावर कधी चटका बसलाय?"

"बसतो की. थंडीत लई बसतो."

"ती अंगात साचलेली वीज. तुला नुसता चटका बसतो, पण यातली एखादी चिप त्यानं मरते. आणि मेलेली दिसतसुद्धा नाही. म्हणून आधी अंगातली वीज उतरवायची." कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय बसवून त्याची तीन पिनांची वायर भिंतीवरच्या स्विचबोर्डात लावली, बटण मात्र बंद ठेवलं. दर थोड्या वेळानं कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवायचा, म्हणजे अर्थिंगमधून ती निघून जाते. "आणि उद्या हा सळसळणारा ड्रेस नको. सुती घाल."

"आंघोळ करून सोवळ्यात येऊ का, सर?"

"सोवळं रेशमी असतं. त्यानं आणखी साचेल."

ती हसली. फेब्रुवारीनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होतो.

मग तिला प्रोसेसर कडांनी धरायला शिकवलं, खालच्या सोनेरी ठिपक्यांना बोट न लावता. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दाबायची आणि खाच जुळत नसेल तर जोर करायचा नाही, पट्टी फिरवून बघायची. मी सांगायचो आणि ती माझ्याच शब्दांत मला परत सांगायची. चांगली शिकणारी मुलं असंच करतात. कानिफनाथही करायचा.

दुसऱ्या दिवशी ती सुती कुर्ता घालून आली आणि आम्ही मदरबोर्डचं खोकं उघडलं. आतली चंदेरी पिशवी काळ्या चिकटपट्टीनं पुन्हा बंद केलेली होती, कारखान्यात वायरला गुंडाळतात त्या पट्टीनं. मी ती सोलून काढली. बोर्ड खोक्यावरच ठेवला. मधोमध प्रोसेसर बसायची चौकोनी जागा, तिला सॉकेट म्हणतात. तिच्यात केसाहून बारीक शेकडो पिना असतात आणि त्यांच्यावर कंपनीचं काळं झाकण असतं. ते झाकण एका कोपऱ्यात उचललेलं होतं.

"निकिता, आतून पाण्याचा तांब्या आण गं."

ती गेल्यावर मी झाकण काढून भिंग लावलं. एका बाजूच्या बऱ्याच पिना एकाच दिशेला झुकल्या होत्या, वाऱ्यानं लोळवलेल्या गव्हासारख्या. त्यांच्या मुळाशी लाल कण होते. आमच्या घरात हळदीकुंकवाची डबी नसते, त्यामुळं मला आधी तो गंज वाटला. मग दोन पिनांच्या मध्ये अडकलेली तांदळाची कणी दिसली.

खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा होते. ऑपरेटर आपापल्या मशिनला कुंकू लावतात, फूल वाहतात. कानिफनाथनं वीस वर्षं हेच केलं होतं. नवं यंत्र घरात आलं तर त्याला कुंकू लावल्याशिवाय तो कसा राहील? आणि नंतर ते ब्रशनं झाडायला गेला असेल. मला आठवलं, दिवाळी झाल्यावर तो एकदा माझं हे भिंग मागायला आला होता. दोन दिवसांनी परत आणून दिलं. कशाला हवंय, हे मी विचारलं नव्हतं.

निकिता तांब्या घेऊन आली. "काय झालं, सर?"

"थोड्या पिना वाकल्यात," मी म्हणालो. "दुकानातून येतानाच असं आलं असेल. होतं कधी कधी."

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. गेलेल्या माणसाची चूक त्याच्या मुलीपुढं मांडायला जीभ वळली नाही, एवढंच.

ती सॉकेटकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पप्पांनी घेताना उघडूनसुद्धा बघितलं नाही."

तिथंच मी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

पिना सरळ करता येतात, पण त्याला हात फार हलका लागतो. माझा आता थरथरतो. म्हणून माझ्याकडच्या एका जळक्या बोर्डावर मी तिचा हात बसवून घेतला. बारीक सुई, भिंग, कोपर टेबलावर टेकवलेलं. श्वास सोडताना सुई हलवायची, घेताना नाही. एका वेळी एकच पिन, आणि तीही एका फटक्यात सरळ करायची नाही. थोडी उचलायची, थांबायचं, पुन्हा थोडी. चार दिवस ती नुसती सराव करत होती. पाचव्या दिवशी खऱ्या बोर्डाला हात लावला.

तीन दिवसांत तिनं अठरा पिना उभ्या केल्या. मधे मधे कॅबिनेटला हात टेकवायला तिला सांगावं लागलं नाही. कुंकवाचे कण आणि तांदळाची कणी मी आधीच, ती घरी गेल्यावर, हवेच्या पिचकारीनं उडवून टाकली होती. शेवटची पिन सगळ्यांत जास्त वाकलेली होती, जवळपास आडवी. तिनं सुई खाली घातली, श्वास सोडला, थोडी उचलली, थांबली. पुन्हा थोडी उचलली. मी सारं बघत होतो. तिची काहीच चूक झाली नाही. पिन मुळातून तुटून बाजूला पडली.

"ती आधीच कमजोर झाली होती," मी म्हणालो. "एका पिनेनं बोर्ड गेलाच असं नसतं. लावून बघू."

"नाही लावायचा." तिनं सुई खाली ठेवली. "पप्पांनी दसऱ्यापासून जपून ठेवला होता. आणि मी मोडला."

"निकिता, ऐक..."

ती ऐकायला थांबली नाही. सगळं सामान माझ्या टेबलावर तसंच ठेवून गेली.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्या खोलीवर गेलो. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर कुरडया-पापड वाळत होते. यांच्या घरात मात्र यंदा काही केलेलं नव्हतं. अश्विनी, निकिताची आई, दारात गहू निवडत बसली होती. माहेर सोनईचं, बोलायला मोकळी. पण त्या दिवशी तिनं नुसती सतरंजी अंथरली.

"दोन दीस झालं, तोंड फिरवून पडलीय, सर. जेवत न्हाई. काय झालं ते सांगत न्हाई."

निकिता आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी उंबऱ्याजवळ बसलो.

"पिन तुझ्या हातात तुटली, हे खरं," मी म्हणालो. "पण ती दसऱ्यालाच अर्धी मोडली होती. दुकानातून तशी आली, हे मी खोटं बोललो. आत कुंकू होतं आणि अक्षता होत्या. तुझ्या पप्पांनी पूजा केली, मग ब्रशनं साफ करायला गेले आणि पिना वाकल्या. तू काही मोडलं नाहीस."

माझ्या मागं सुपातल्या गव्हाचा आवाज थांबला.

"त्यांनी न्हाई," अश्विनी म्हणाली. "कुंकू मी लावलं."

निकितानं मान वळवली.

"नवमीला ते बोर्ड घेऊन आले. तू क्लासला गेल्तीस. मला म्हनले, हे बघ, हितं याचा मेंदू बसतो. वरचं झाकन काढून दाखवलं. मी पूजेचं ताट घेऊनच उभी हुते. म्हनलं, मग मेंदूलाच लावते की. अगं अगं म्हनेस्तवर बोट टेकलं बी मी, अक्षता बी टाकल्या."

"पप्पा चिडले?" निकितानं विचारलं.

"हसले. लई हसले. मग तुझा जुना ब्रश घेऊन झाडत बसले. झाडता झाडता हसायचे थांबले." अश्विनीनं पदरानं हात पुसले. "म्हनले, निकीला सांगू नको, ती तुझ्यावर चिडंल. मी दुसरा आनतो, तिला कळायचं बी न्हाई. त्यातच दिवाळी गेली. थंडी गेली. अन् मग..."

निकिता उठून बसली. केस तोंडावर आलेले, एका गालावर उशीचे वळ.

"जानेवारीत मी त्यांना खोटारडे म्हणाले," ती म्हणाली. "ते ड्युटीला निघाले होते. डबा हातात होता. मी म्हणाले, तुम्ही नुसतं बोलता, तुम्ही खोटारडे आहात. त्यांनी डबा पिशवीत टाकला, बूट घातले आणि गेले."

"मला न्हाई बोलले ते कधी," अश्विनी म्हणाली.

"तुला सांगितलं नाही?"

"न्हाई, बाय. एका शब्दानं न्हाई."

निकितानं गुडघे जवळ ओढले आणि त्यांच्यात तोंड घातलं. अश्विनी उठली, आत जाऊन तिच्या शेजारी बसली, पण निकिताला हात लावायचं धाडस तिला झालं नाही. मी बाहेर शेजारच्या गच्चीवरच्या पापडांकडं बघत राहिलो. शेजारची बाई कावळे हाकलत होती.

थोड्या वेळानं गुडघ्यांतूनच निकिताचा आवाज आला. "परत सांग. ते हसले ते."

अश्विनीनं सुरुवात केली. बोर्ड आणला ते सांगितलं, झाकण काढलं ते सांगितलं, मेंदू कुठं बसतो ते बोटानं चटईवर दाखवलं. हसण्यापाशी आली आणि तिनं निकिताच्या पाठीवर हात ठेवला.